हिशेबाचा दिवस

पंधरा ऑगस्ट शनिवार-रविवारला जोडून आला, की ओझरच्या विघ्नहराच्या दारात सकाळपासूनच गाड्यांची रांग लागते. पुण्या-मुंबईची मंडळी दर्शन घेतात, दीपमाळांपाशी फोटो काढतात आणि नारायणगावचे मसाला दूध पिऊन परततात. त्यात वावगे काही नाही. पण त्याच सकाळी शाळेच्या पटांगणात झेंडावंदन होऊन गेलेले असते, आणि ग्रामसभेची नोटीसही फळ्यावर लागलेली असते. झेंडावंदनाला गर्दी जमते. सभेला किती जण बसतात? हा प्रश्न एकट्या ओझरचा नाही, गावोगावचा आहे.

राष्ट्रीय दिवस हा मिरवण्याचा, असे आपण धरून चाललो आहोत. मला तो हिशेबाचा वाटतो. जन्मभर बँकेत खतावण्या तपासलेल्या माणसाला दुसरे काय सुचणार, असे कोणी म्हणेल. पण इतिहास माझ्या बाजूचा आहे.

लाहोरच्या काँग्रेस अधिवेशनात डिसेंबर १९२९ मध्ये पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला आणि २६ जानेवारी १९३० हा पहिला स्वातंत्र्यदिन ठरला. त्या दिवशी देशभर जी प्रतिज्ञा वाचली गेली, तिच्यात जयजयकार थोडा आणि आकडे फार होते. माणशी सरासरी उत्पन्न रोजचे सात पैसे. करांपैकी वीस टक्के शेतसाऱ्याचे, तीन टक्के मिठावरच्या कराचे. लोकांपुढे परक्या राजवटीचा ताळेबंदच मांडला होता म्हणा ना! पुढे सत्तांतरासाठी १५ ऑगस्ट ही तारीख माउंटबॅटन यांनी निवडली. जपानच्या शरणागतीला त्या दिवशी दोन वर्षे होत होती. म्हणजे एक दिवस आपण ठरवलेला, दुसरा आपल्याला मिळालेला. घटना समितीने राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारली, पण तिच्या पूर्ण अंमलासाठी मुद्दाम २६ जानेवारीपर्यंत थांबले, ते त्या जुन्या प्रतिज्ञेची आठवण ठेवून.

त्याच १९३० सालच्या १२ डिसेंबरला मुंबईत काळबादेवीला परदेशी कापडाच्या मालमोटारीपुढे एक गिरणी कामगार आडवा झाला. गाडी अंगावरून गेली. तो बाबू गेनू, शेजारच्या आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा. डिंभे धरणाच्या जलाशयाला आज त्याचे नाव आहे. या जलाशयाचे पाणी डाव्या कालव्याने येडगावच्या धरणात येते, आणि येडगावचे पाणी थेट ओझरच्या देवळामागे उभे असते. विघ्नहराच्या घाटावर ओंजळ भरणाऱ्याच्या हातात त्यातले थोडे बाबू गेनूच्या नावाचे पाणी असते, हे किती जणांच्या ध्यानात येते? आणि ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते जुने आंबेगाव याच डिंभ्याच्या पाण्याखाली गेले. कुणाचे शेत भिजले, कुणाचे घर बुडाले. स्वातंत्र्याच्या वहीत जमेची बाजू आहे तशी नावेचीही आहे.

ही वही उघडायची जागा म्हणजे ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखांना ती घेण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून तिला घटनेतच स्थान मिळाले. एकात्मिक ग्रामीण विकासाच्या कर्जांसाठी लाभार्थी ठरवायचे असत, तेव्हा बँकेतर्फे मी या भागातल्या पुष्कळ सभांना बसलो आहे. एका गावी, नाव सांगत नाही, सभा अर्ध्या तासात तहकूब झाली. मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतली कमी असेल तेवढी माणसे लागतात. तीही जमली नव्हती. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. आठवड्याने दहा-बारा डोकी बसली आणि अख्ख्या वर्षाचा खर्च मंजूर झाला. लोक आळशी होते असे नव्हे. ऑगस्टात टोमॅटोचा तोडा असतो. माल वेळेवर नारायणगावच्या बाजारात पोचला नाही, तर भाव हातचा जातो.

दुसऱ्या एका गावी मात्र एक म्हातारी पदर सावरत उभी राहिली. म्हणाली, "झेंड्याच्या खांबाला दरसाल रंग देताय, ते बरंय. पर आमच्या वस्तीवरच्या हापशाला दांडा कधी बसवनार? पैसं तर खर्ची पडल्यालं दिसत्यात." सभा हसली. ग्रामसेवकाला मात्र दप्तर उघडावे लागले. बाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. ऑडिटरने विचारावा असा प्रश्न त्यांनी विचारला होता, आणि तोही झेंड्याचा मान राखून.

झेंडावंदनाला पाच मिनिटे लागतात, जिलेबीला दहा. सभेला दोन तास लागतात, आणि तिथे शेजाऱ्याचे, भावकीचे तोंड पाहून बोलावे लागते. म्हणून ती टळते. पण १९३० साली आकडे वाचायला जमलेल्या माणसांपुढे पोलीस उभे होते. आपल्यापुढे कोण आहे? येत्या पंधरा ऑगस्टला विघ्नहराला जरूर जा. आणि ज्यांचे नाव गावच्या मतदार यादीत आहे, त्यांनी देवळातून निघाल्यावर तेवढे दोन तास पंचायतीत बसावे. वही तिथे आहे. ती उघडायला सांगणारा माणूस हवा.