खात्याला नॉमिनी कोण? हात आणि स्मृती साथ देत आहेत तोवर पाहून घ्या

कोल्हापुरात मंगळवार पेठेतील पाण्याचा खजिना, बेलबाग या परिसरातील एखाद्या जुन्या घरात ज्येष्ठांच्या कागदपत्रांची पिशवी उघडली, तर काय निघेल? पेन्शनचे पासबुक, सहकारी बँकेच्या ठेवपावत्या, पोस्टातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे पुस्तक, एखाद्या पतसंस्थेची दामदुप्पट पावती. रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या की घरात लगेच ध्यानात येते. परंतु या प्रत्येक कागदावर नॉमिनी म्हणून कोणाचे नाव आहे, हे पुष्कळदा ठेवीदारालाही आठवत नाही.

नाव जुने पडते ते नकळत. नोकरी लागली तेव्हा आईचे नाव दिलेले असते. पुढे लग्न होते, मुले होतात, आई निवर्तते. कागदावरचे नाव मात्र तसेच राहते. भविष्य निर्वाह निधीत, कुटुंब नसताना बाहेरच्या व्यक्तीचे दिलेले नाव लग्नानंतर आपोआप रद्द ठरते. बँकेच्या खात्यात तसे होत नाही. खातेदाराने बदलल्याखेरीज जुनेच नाव कायम राहते. आणि एकमेव नॉमिनी आधीच निवर्तला असेल, तर खाते विनानॉमिनी असल्यासारखेच. मग सर्व वारसांची संमतीपत्रे, हमीपत्रे आणि रक्कम मोठी असल्यास किंवा वाद असल्यास न्यायालयाचे वारसा प्रमाणपत्र, अशी धावपळ दुःखाच्या दिवसांतच करावी लागते. घरखर्च आणि औषधोपचार त्याच ठेवींवर चालत असतील, तर मागे राहिलेल्या जोडीदाराची फारच ओढाताण होते.

हा विषय आरोग्याशी जोडलेला आहे, तो आणखी एका कारणाने. नॉमिनी ठरविण्याचा अधिकार खातेदाराचाच. मुले किंवा सून कितीही मनोभावे सेवा करीत असली तरी त्यांना तो परस्पर वापरता येत नाही. कंपवाताने सही बदलू लागते, स्मृतिभ्रंशात आपण कशावर सही करीत आहोत याचे आकलनच हरपते. सही जुळते आहे आणि मन स्थिर आहे, तोच या कामाचा काळ. हात चालत नसेल तर अंगठाही चालतो. मात्र बँकेच्या अर्जावर अंगठ्यासाठी दोन साक्षीदार लागतात.

१ नोव्हेंबर २०२५ पासून बँकांचे याबाबतचे नियमही बदलले आहेत. पूर्वी ठेवखात्याला एकच नॉमिनी देता येई. आता चारपर्यंत देता येतात. चौघांना एकाच वेळी हिस्से वाटून देता येतात. हिश्श्यांची बेरीज शंभर टक्के भरली पाहिजे. किंवा क्रम लावता येतो: पहिला हयात नसेल तर दुसरा, मग तिसरा. लॉकरसाठी मात्र केवळ क्रमाचीच पद्धत आहे. संयुक्त खात्यात सर्व खातेदारांच्या निधनानंतरच नॉमिनीचा प्रश्न येतो.

आपल्याकडे ‘खात्याला वारस लावला’ असे सर्रास म्हणतात. हा शब्दप्रयोग फसवा आहे. बँक नॉमिनीच्या हाती रक्कम देऊन मोकळी होते. पण ती रक्कम त्याने कायदेशीर वारसांसाठी सांभाळायची असते. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगांवकर यांचे २० ऑगस्ट २०१३ रोजी निधन झाले. त्यांनी मृत्युपत्र केलेले होते. तरीही म्युच्युअल फंडांतील गुंतवणुकीवर नॉमिनींचा हक्क की वारसांचा, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ डिसेंबर २०२३ रोजी निकाल लागला: केवळ नॉमिनी असल्याने शेअर्स वा फंडांची मालकी मिळत नाही. आयुर्विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीनंतर पती, पत्नी, आईवडील किंवा अपत्य नॉमिनी असल्यास ती रक्कम सर्वसाधारणपणे त्यांचीच होते.

म्हणून नामनिर्देशन आणि मृत्युपत्र यांची सांगड घालावी. हिंदू पुरुषाने मृत्युपत्र केले नसेल, तर पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आई हे प्रथम वर्गाचे वारस ठरतात. एकट्या मुलाला नॉमिनी केल्याने मुलीचा किंवा पत्नीचा हक्क संपत नाही, हे घरातील सर्वांनाच ठाऊक असलेले बरे.

प्रत्यक्षात करावयाचे काम थोडे आहे. एका वहीत प्रत्येक खाते, ठेव, विमा, लॉकर, सोसायटीतील सदनिका आणि त्यापुढे नॉमिनीचे नाव लिहावे. नाव जुने असेल तर शाखेत जाऊन बदलाचा अर्ज द्यावा, पोच घ्यावी, पासबुकावर नोंद करून घ्यावी. नॉमिनी अज्ञान असेल तर त्याच्या वतीने रक्कम स्वीकारणाऱ्या सज्ञान व्यक्तीचेही नाव द्यावे. विस्मरणात गेलेल्या ठेवींचा शोध रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ संकेतस्थळावर घेता येतो. घरात लग्न, जन्म, घटस्फोट वा मृत्यू झाला की वही पुन्हा उघडावी.

काळजी घेणाऱ्यांनी हा विषय काढताना ‘तुमच्या पश्चात’ अशी सुरुवात करू नये. ‘आजी, या पावतीवर अजून आजोबांचेच नाव आहे, कोणाचे घालायचे ते तुम्हीच सांगा,’ एवढे पुरे. निर्णय त्यांचाच राहू द्यावा. आपण फक्त पासबुक शोधावे, चष्मा हाती द्यावा आणि शाखेपर्यंत सोबत करावी.