गिरणेचं पाणी सुरतेला!

देवळ्याचा कांदा परराज्यात जातो, हे सगळ्यांना ठाऊक. लोहोणेरजवळून वाहिलेलं पाणीही जातं! सह्याद्रीत उगम पावलेली गिरणा पूर्वेकडे निघते, जळगाव जिल्ह्यात तापीला मिळते आणि मग तापीबरोबर माघारी वळून, उकाई धरण ओलांडून सुरतेजवळ समुद्र गाठते. अरबी समुद्राकडे पाठ करून निघालेली नदी, पोहोचते तिथेच. तेही गुजरातमार्गे.

सुरगाण्याच्या नार-पार नद्यांना एवढी हौस नाही. त्या डोंगर उतरून थेट गुजरातेत. हे पाणी उपसून, बोगद्यातून गिरणेत आणायच्या 7,015 कोटींच्या योजनेला राज्य मंत्रिमंडळानं ऑगस्ट 2024 मध्ये मंजुरी दिली. गंमत अशी, की यातलंही जे पाणी वाटेत अडलं-जिरलं नाही, ते शेवटी जाणार गुजरातेतच!

पाणीवाटपात आपला मुलूख तसा मुरलेला. गिरणेला मिळणाऱ्या मोसम नदीवर शतकांपूर्वीची फड पद्धत आहे. अख्ख्या फडात एकच पीक आणि पाणी सोडणार पाटकरी. शेतकऱ्यानं परस्पर दारं धरायची नाहीत. लवाद नाही, वकील नाहीत.

लवाद आला की आकडे चक्रावतात. नर्मदेच्या 1979 च्या निवाड्यात 280 लाख एकर-फूट पाण्यापैकी महाराष्ट्राला मिळालं अवघं अडीच लाख. सरदार सरोवराच्या विजेत मात्र वाटा 27 टक्के!

नदीच्या वरच्या अंगाला बसलेल्याची अरेरावी सगळीकडे सारखीच. रिओ ग्रान्दे नदीवरून मेक्सिकोनं तक्रार केली, तेव्हा 1895 मध्ये अमेरिकेचे ॲटर्नी जनरल जडसन हार्मन यांनी मत दिलं: आमच्या हद्दीतलं पाणी, आमची मर्जी. पुढे 1906 मध्ये त्याच अमेरिकेनं मेक्सिकोला वर्षाला 60,000 एकर-फूट पाणी द्यायचा करार केला.

यूनोत 1997 मध्ये नदी-कायद्यावर मतदान झालं. विरोधात तिघेच: चीन, तुर्कस्तान आणि बुरुंडी. तिघांकडेही मोठ्या नद्यांचं उगमाकडचं अंग! भारत तटस्थ राहिला. चीनपुढे आपण खालचे, पाकिस्तानपुढे वरचे. हात वर करणार तरी कुणासाठी? पाकिस्तानही तटस्थच होता. कायदा लागू व्हायला 35 देशांची मान्यता हवी होती. ती जमवता जमवता 2014 उजाडलं. पस्तिसावा देश व्हिएतनाम, मेकाँगच्या अगदी टेलला बसलेला.