म्हाताऱ्या पैलवानाचा खुराक

मैत्रिणींनो, प्रत्येक नवऱ्याला एकेक नाद असतो. कुणाला पत्त्यांचा, कुणाला क्रिकेटचा. आमच्या ह्यांना गाड्यांचा. त्यातून आम्ही राहतो अमेरिकेत, डेट्रॉईटच्या उत्तरेला. मोटारींचं हे माहेरच! तेव्हा शेजारच्या आजोबांची १९६६ सालची पॉन्टिॲक जीटीओ ह्यांनी विकत घेतली, याचं मला फारसं नवल वाटलं नाही. पण दुसऱ्याच दिवशी हे कागद घेऊन बसले आणि मोठा कार्ब्युरेटर, नवा कॅमशाफ्ट, नवे सायलेन्सर अशी यादी वाढू लागली. बेरजेचा आकडा मुलाच्या शिक्षणासाठी बाजूला टाकलेल्या पैशांपर्यंत पोचला, तेव्हा मात्र मी कान टवकारले.

या गाड्यांना इथे ‘मसल कार’ म्हणतात. मसल म्हणजे स्नायू. आपण पैलवान गाडी म्हणू या. मध्यम आकाराच्या साध्या गाडीत भलं मोठं इंजिन बसवायचं, ही त्यामागची युक्ती. १९६४ साली आलेली जीटीओ ही अशा गाड्यांतली पहिली, असं बरेच जण मानतात. आमच्या गाडीचं इंजिन ३८९ घन इंचांचं, म्हणजे जवळजवळ ६.४ लिटरचं आहे. आपल्याकडच्या लहान गाड्यांचं इंजिन एक-सव्वा लिटरचं असतं, यावरून अंदाज करा! कंपनीने त्याची ताकद सांगितली होती ३३५ अश्वशक्ती. पण तो आकडा इंजिन गाडीबाहेर, मोकळं चालवून मोजलेला. १९७२ पासून अमेरिकन कंपन्या सगळा संसार जोडलेल्या इंजिनाची ताकद सांगू लागल्या. शेंगांसकट मटार तोलायचे की सोलून, एवढाच फरक. तेव्हा जुन्या आकड्याला भुलू नये.

हे सगळं मला तेव्हा ठाऊक नव्हतं, बरं का. शिकावं लागलं ते एका रविवारमुळे.

रविवारी मी इथल्या मुलांना मराठी शिकवते. वर्ग संपल्यावर हे हौसेने मला न्यायला आले, मुलगा मागे बसलेला. घरापर्यंत सगळं ठीक. अंगणात वळलो, ह्यांनी ब्रेक दाबला आणि पेडल सरळ तळाला गेलं. ह्यांनी प्रसंगावधान राखून पार्किंग ब्रेक दाबला म्हणून बरं. गाडी गॅरेजच्या दाराशी ठेवलेले कचऱ्याचे डबे पाडून थांबली. “बाबा, पुन्हा करा ना!” मुलगा मागून ओरडला. आम्ही दोघं काहीच बोललो नाही. दहा मिनिटं आधी आम्ही हमरस्त्यावर होतो.

एका चाकाजवळची ब्रेकची नळी आतून गंजून फुटली होती. एक नळी फुटली तर चारही चाकांचे ब्रेक कसे गेले, असं मी मेकॅनिकला विचारलं. तो म्हणाला, त्या काळच्या या गाड्यांत ब्रेक ऑइलची टाकी एकच. कुठेही गळती झाली की सगळाच दाब गेला. १९६७ पासून पुढच्या आणि मागच्या चाकांचे दोन वेगळे भाग झाले. एक गेला तरी दुसरा शिल्लक राहतो. आणि नळी आतून का गंजते? ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ ओलं होतं ना, तसंच.

त्या रात्री मी ह्यांची यादी पुढे ओढली. म्हटलं, “म्हाताऱ्या पैलवानाला परत आखाड्यात उतरवायचा, तर आधी बदाम-तूप खाऊ घालाल की छाती आणि गुडघे तपासाल?” हे हसले. मग दोघांनी मिळून यादी उलटी लिहिली. ती अशी:

पहिल्या वर्षी थांबण्याची सोय. दोन भागांचा मास्टर सिलेंडर, नव्या नळ्या आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक. मूळच्या ड्रममध्ये उष्णता झाकण घातलेल्या पातेल्यासारखी कोंडते आणि दोन-चारदा जोरात ब्रेक लावला की पकड ढिली पडते. डिस्कला वारा लागतो, ती लवकर निवते. त्याबरोबर नवे रेडियल टायर आणि खांद्यावरून येणारे पट्टे. आमच्या गाडीला नुसते कमरेचे पट्टे होते.

दुसऱ्या वर्षी प्रकृती. प्रत्येक सिलेंडरचा दाब मोजायचा. आठांपैकी एकही ढिला असेल तर वरचे दागिने व्यर्थ. रेडिएटर साफ करायचा, जुनी वायरिंग बदलायची. पेट्रोलच्या रबरी नळ्या तर बदलायच्याच. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. पूर्वीच्या पेट्रोलमधलं शिसं व्हॉल्व्हच्या बैठकीचं रक्षण करी. इथल्या रस्त्यांवरच्या गाड्यांसाठी ते १९९६ पासून बंद झालं. म्हणून इंजिनाचं डोकं कधी उघडलंच, तर त्याच वेळी कठीण धातूच्या बैठका बसवून घ्यायच्या. दोनदा मजुरी नको.

तिसऱ्या वर्षी ताकद. त्यातही आधी स्वस्त आणि गुणकारी: पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, कार्ब्युरेटर आणि टायमिंगची नीट जुळणी. मग पाच गिअरचा बॉक्स, म्हणजे हमरस्त्यावर इंजिन कमी फेऱ्यांत चालेल, कान आणि पेट्रोल दोन्ही वाचेल. कॅमशाफ्ट अगदी शेवटी. कारण दिवाणखान्यात नवे पडदे लावले की भिंत मळकी दिसू लागते, भिंत रंगवली की सोफा. इथेही तसंच. कॅमशाफ्ट बदलला की व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा आल्या, ताकद वाढली की क्लच आला, मागचा ॲक्सल आला.

आणि एक नियम माझा. काढलेला प्रत्येक जुना भाग चिठ्ठी लावून खोक्यात ठेवायचा. पॉन्टिॲक हे नाव २०१० साली बंद झालं. अशा गाडीची किंमत तिच्या मूळ इंजिनात आणि मूळ भागांत असते. जिथे मूळ पत्र्याला भोक पाडावं लागेल, ते काम नकोच.

“मग दरवर्षीच्या पैशांचं काय?” हे म्हणाले. वर्षाच्या सुरुवातीला रक्कम ठरवायची आणि त्या डब्यातले पैसे संपले की काम पुढच्या वर्षावर. शिक्षणाच्या डब्याला हात लावायचा नाही. ह्यांनी मान्य केलं, जरा तोंड वाकडं करून.

मैत्रिणींनो, तुमच्या दारात पैलवान गाडी नसेल. पण जुनी गाडी, निदान स्कूटर तरी असेलच. तेव्हा उद्या सकाळी एवढं पाहा. टायरच्या कडेला चार आकडे असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी रबर म्हातारं होतं. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं, ते विचारा. पेडल किंवा लिव्हर मऊ लागत असेल तर ‘बघू रविवारी’ म्हणू नका. पेट्रोलचा वास आला तर त्याच दिवशी गॅरेज गाठा. आणि घरात कुणी नवे हॉर्न, नवे सायलेन्सर यांच्या गोष्टी करू लागलं, की शांतपणे विचारा, “थांबते का नीट?”

ऑगस्टमध्ये इथे वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची मोठी जत्रा भरते. १९९५ साली सुरू झालेली. यंदा आम्हीही गेलो. आमची जीटीओ काही सर्वांत वेगवान नव्हती. पण पुढची गाडी एकदम थांबली, तेव्हा आमचीही जागच्या जागी थांबली. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मागे वळून मुलाचा पट्टा पाहिला. नीट लागलेला होता.