चिकटपट्टी : लावण्यापूर्वीं काढण्याचा विचार

मोडलेल्या वस्तूंची डागडुजी करण्याची आपल्या मागच्या पिढ्यांची एक ठराविक रीत होती. फुटक्या भांड्याला डाख, फाटक्या कापडाला ठिगळ आणि सुटलेल्या पुस्तकाला खळ, असा ज्याचा त्याला उपाय ठरलेला असे. आतां या सर्वांच्या जागीं बहुधा एकच वस्तु येऊन बसली आहे; ती म्हणजे चिकटपट्टी. टेबलाच्या खणांत तिचें एखादें वेटोळें नाहीं असें घर विरळाच. परंतु खणांत सांपडेल ती पट्टी घ्यावयाची आणि हवी तेथें डकवावयाची, ही संवय मात्र चांगली नव्हे. पट्ट्या दिसावयास सारख्या असल्या तरी त्यांचे धर्म निराळे असतात. एकीचें काम दुसरीला सांगितलें म्हणजे कधीं भिंतीचा रंग जातो, कधीं घराण्याचा जुना कागद नासतो, आणि कधीं तर माणसाचा जीवही धोक्यांत येतो.

चिकटपट्टीचा पहिला धर्म असा कीं, तिला पाणी किंवा ऊब लागत नाहीं, दाब लागतो. तिच्यावरचा लेप ना पुरता घट्ट, ना पुरता पातळ. दाबतांच तो पृष्ठभागाच्या बारीक खांचाखळग्यांत शिरतो व तेथें धरून राहतो. म्हणून नुसत्या टेकविलेल्या पट्टीपेक्षां बोटानें चोळून दाबलेली पट्टी अधिक टिकते. जागेवर धूळ किंवा तेल असेल, तर लेप जागेला न चिकटतां त्या धुळीलाच चिकटतो. पावसाळ्यांत ओल आलेल्या चुन्याच्या भिंतीवरून पट्टी गळून पडते, तो दोष पट्टीचा नसून भिंतीचा होय. दुसरा धर्म असा कीं, पृष्ठभागाला समांतर असा ताण ती पुष्कळ सोसते; पण कडेपासून उचकटूं लागलें म्हणजे लवकर हार खाते. यासाठीं भिंतीला चिकटविलेल्या आंकड्यावर पुढें झुकणारी जड वस्तु कधींही टांगूं नये.

या पट्टीचा इतिहास पाहिला तर मोठी मौज वाटते. 1920 नंतर अमेरिकेंत दुरंगी मोटारींची आवड वाढली. एक रंग देतांना दुसरा झांकण्यासाठीं रंगारी कागद डकवीत. पण तो काढतांना खालचा ताजा रंगही सोलून निघे. थ्रीएम कंपनींतील रिचर्ड ड्र्यू या तरुणानें ही अडचण पाहिली, आणि 1925 सालीं रंगाला धरून राहील पण त्याला सोलणार नाहीं अशी कागदी पट्टी तयार केली. तीच आजची मास्किंग टेप. 1930 सालीं त्यानेंच सेलोफेनची पारदर्शक पट्टी काढली. पुढें 1937 सालीं इंग्लंडांत निघालेल्या अशाच पट्टीला सेलोटेप हें नांव मिळालें, आणि आपल्याकडे सर्वच पारदर्शक पट्ट्यांना तें चिकटून बसलें. ड्र्यूची पहिली पट्टी सुखरूप निघावी म्हणून जन्मास आली होती, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पट्टी निवडतांना 'किती घट्ट बसेल' हा प्रश्न दुसरा. 'केव्हां आणि कशी काढावयाची' हा पहिला.

या प्रश्नाच्या अनुरोधानें घरांतील कामें क्रमानें पाहूं. एक-दोन दिवसांत काढावयाची असेल तेथें मास्किंग टेप योग्य. खिडक्या-दारांना रंग देतांना, डब्यांवर तात्पुरतीं नांवें लिहितांना तीच वापरावी. मात्र ती उन्हांत कित्येक दिवस राहिली तर लेप भाजून निघतो व पट्टीचे तुकडे पडतात. रंग पुरा कडक होण्यापूर्वीं, पट्टी स्वतःवर दुमडून सावकाश ओढल्यास कांठ स्वच्छ येतो.

प्रवासापुरतें टिकावयाचें काम म्हणजे खोकीं बांधण्याचें. त्यासाठीं खाकी किंवा पारदर्शक रुंद पट्टी असते. मधल्या फटीवर एक आणि दोन्ही टोकांच्या कडांवर एकेक अशी ती लावली म्हणजे खोकें उकलत नाहीं.

फाटलेली ताडपत्री, भेगाळलेली बादली, सुटलेली मूठ अशा कामांस कापडी पाठीची जाड पट्टी हवी. हिच्यामागें एका मातेची चिंता आहे. 1943 सालीं इलिनॉय प्रांतांतील दारूगोळ्याच्या कारखान्यांत व्हेस्टा स्टाउट या बाई काम करीत. त्यांचे दोन मुलगे आरमारांत होते. काडतुसांच्या पेट्यांवरील कागदी पट्टी ओढतांच फाटते आणि लढाईच्या ऐन वेळीं शिपायांचा खोळंबा होतो, हें पाहून त्यांनीं जलाभेद्य कापडी पट्टी सुचविली. वरिष्ठांनीं ती सूचना पुढें नेली नाहीं, तेव्हां त्यांनीं थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांस पत्र लिहिलें, आणि तशी पट्टी तयार झाली. तिला पुढें डक्ट टेप, म्हणजे हवेच्या नळांची पट्टी, असें नांव पडलें. परंतु 1998 सालीं लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेनें परीक्षा घेतली, तेव्हां त्याच नळांच्या सांध्यांवर ती निकामी ठरली. नांवावर जाऊं नये तें यासाठीं.

आतां जीं कामें चुकून चालतच नाहींत त्यांकडे वळूं. विजेच्या तारेला सेलोटेप, कागदी पट्टी किंवा कापडी पट्टी कदापि लावूं नये. त्यासाठीं पीव्हीसीची लवचिक पट्टी निराळी मिळते. किती व्होल्टचा दाब व किती उष्णता ती सोसते, हें पाहून घ्यावें. मुख्य बटन बंद करून, पट्टी किंचित् ताणून, प्रत्येक वेढा मागल्या वेढ्यावर अर्धा येईल अशी ती गुंडाळावी. शेवटचा वेढा मात्र न ताणतां द्यावा, म्हणजे टोंक सुटत नाहीं. इस्त्रीची तार झिजली असेल तर हा उपायही पुरेसा नाहीं; तारच बदलावी.

नळाच्या आट्यांवरची पांढरी टेफ्लॉन पट्टी तर चिकटपट्टी नव्हेच. तिला चिकटपणा मुळींच नसतो. नळ ज्या दिशेनें आवळावयाचा त्याच दिशेनें ती गुंडाळावी. उलट गुंडाळल्यास आवळतांना ती गोळा होऊन निघते आणि गळती तशीच राहते.

माणसाच्या त्वचेसाठीं केवळ वैद्यकीय पट्टीच घ्यावी. वृद्धांची त्वचा पातळ असते. त्यांना कागदी पाठीची सौम्य पट्टी बरी. काढतांना एका हातानें त्वचा धरून, केंसांच्या दिशेनें, त्वचेलगत हळूहळू सोडवावी. एकदम ओढण्यांत शौर्य नाहीं. कातडी निघण्याचा संभव मात्र आहे.

आणि शेवटीं जुने कागद. आजोबांचीं मोडी पत्रें, पोथीचीं पानें, कुलवृत्तान्तासाठीं जपलेल्या सनदा यांना सेलोटेप लावणें हें प्रेमानें केलेलें नुकसान होय. नेहमींच्या पट्टीचा लेप कालांतरानें हवेनें पिवळा पडतो, कागदांत मुरतो, आणि पाठ गळून पडली तरी डाग तसाच राहतो. कित्येकदां अक्षरेंही त्यांत बुडतात. कागदांचें जतन करणारे तज्ज्ञ अशा कामीं पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्वाची खळ वापरतात, कारण ती पाण्यानें पुन्हां सोडवितां येते. म्हणजे खळीची जुनी वाट येथें आजही चुकलेली नाहीं. तज्ज्ञ मिळेपर्यंत फाटलेलें पान तसेंच स्वच्छ कागदांत घालून ठेवावें. फाटलेला कागद सांधतां येतो, मुरलेला डाग काढणें फार कठीण.

तात्पर्य, घरांत निरनिराळ्या पट्ट्या एका डब्यांत, ऊन व उष्णता यांपासून दूर ठेवाव्या. आणि पट्टी हातीं घेतांना जागा कसली आहे, भार किती आहे व ती कधीं काढावयाची आहे, हें स्वतःला विचारावें. शेवटच्या प्रश्नाचें उत्तर सुचत नसेल, तर ती तेथें न लावणेंच बरें.