प्रवासातली फुलं, कवितेतली फुलं

नव्यानं कविता लिहू लागलेली मुलं वही घेऊन येतात, तेव्हा त्या वह्यांत एक गंमत दिसते. मुलगा राहतो डोंबिवलीला, नोकरी करतो परळला. पण त्याच्या कवितेतली प्रेयसी उभी असते कमळांच्या तळ्याशी, नाहीतर चांदण्यात न्हालेल्या बागेत. ‘फुललेलं कमळ शेवटचं कधी पाहिलंस?’ असं विचारलं की तो हसतो. म्हणतो, ‘सर, शहरात कुठलं आलंय सौंदर्य? सकाळी लोकल, संध्याकाळी लोकल.’ ही तक्रार एकट्या कवींची नाही. आज तिच्याविषयीच थोडं बोलू या.

आधी साधा हिशेब मांडू. जाऊन येऊन रोज दोन तासांचा प्रवास, वर्षाचे तीनशे दिवस, नोकरी तीस वर्षांची. एकूण झाले अठरा हजार तास, म्हणजे साडेसातशे दिवस. आयुष्यातली सलग दोन वर्षं, रात्रंदिवस, आपण गाडीत काढतो. ती दोन वर्षं आयुष्यातून वजा समजायची की जमेला धरायची, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

दारात लोंबकळत जाणाऱ्याला सौंदर्याचे धडे देणं हा आगाऊपणा आहे, हे मला कळतं. ज्याला पाय टेकायला जागा नाही, त्याला आधी जागा मिळाली पाहिजे. पण दिवसातली एखादी गाडी, एखादी खिडकी, पुलावरून दिसणारा एखादा तुकडा प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी येतोच. तेवढ्यापुरतंच मी बोलतो आहे.

त्या तुकड्यातून काय दिसतं? हिवाळा सरता सरता विक्रोळीजवळ पूर्व द्रुतगती मार्गाच्या कडेची टॅबेबुयाची झाडं गुलाबी होतात. हे झाड मूळचं अमेरिका खंडाच्या मध्य आणि दक्षिण भागातलं. मग एप्रिल-मे महिन्यांत बहाव्याची पिवळी झुंबरं लोंबू लागतात. त्याच सुमारास तामण फुलतो. चुरगळलेल्या रेशमासारख्या जांभळट पाकळ्यांचं हे फूल आपल्या महाराष्ट्राचं राज्यपुष्प आहे. पण कित्येकांच्या रोजच्या वाटेवर असूनही ते ओळखीचं नसतं. गुलमोहर आला मादागास्करहून आणि इतका आपला झाला की मराठी कवितेत त्याला कुणी परका म्हणत नाही. शहराची नावंही ऐकून बघा. चिंचपोकळीत चिंच आहे, उंबरखाडीत उंबर आहे, फणसवाडीत फणस आहे. भायखळ्याच्या नावात बहावा दडला आहे, असंही सांगतात. इंडिकेटरवर आपण रोज झाडांची नावं वाचतो आणि पुढे जातो.

आता दादरला उतरू. स्टेशनच्या पश्चिमेचा फुलबाजार पहाटे, शहर झोपेत असतानाच जागा होतो. पुणे, सातारा, नाशिककडचा झेंडू आणि शेवंती, मावळातले गुलाब, वसईचा सोनचाफा, पालघरकडचा मोगरा असं सगळं इथं येतं. पहाटेच्या गाडीला लगेजच्या डब्यात ओल्या फडक्यानं झाकलेल्या टोपल्या दिसतात. रात्री उठून खुडलेली फुलं त्यात असतात आणि शेजारी बसल्या बसल्या डुलकी काढणारी बाई असते. या बाजारातून निघालेला हार सिद्धिविनायकाला जातो. इथल्याच गुलाबांची चादर माहीमच्या मखदूमबाबांच्या दर्ग्यावर चढते. लग्नाची वेणी इथलीच आणि अंत्ययात्रेचं चक्रही इथलंच. फूल कुठं जाणार, ते दोऱ्यात ओवेपर्यंत ठरलेलं नसतं.

मोगऱ्याची एक खासियत सांगतो. कळ्या पहाटे, मिटलेल्या असतानाच खुडतात, कारण त्या उमलतात संध्याकाळनंतर. त्यामुळे ऑफिस सुटल्यावर चर्चगेटला घेतलेला गजरा बोरिवलीला घरी पोचेपर्यंत उमलू लागतो. प्रवास त्याच्या उमलण्यातच धरलेला असतो! ‘तुझं हसू मोगऱ्यासारखं’ ही उपमा वापरून वापरून गुळगुळीत झाली आहे. पण डब्याच्या गर्दीत, प्लास्टिकच्या पिशवीत जपून नेलेली, वाटेत हळूहळू उमलत जाणारी कळी ज्यानं पाहिली आहे, त्याच्या हातात तीच उपमा पुन्हा ताजी होते. प्रतिमा शिळी होते, कारण आपण ती दुसऱ्याच्या कवितेतून उचलतो. स्वतः पाहून आणलेली प्रतिमा सहसा शिळी निघत नाही.

फुलं आणि शब्द यांचं नातं तर भाषेतच मुरलेलं आहे. आपण हार गुंफतो आणि काव्यही गुंफतो. ‘ग्रंथ’ या शब्दाच्या मुळाशी बांधणं, गाठ मारणं आहे. अरबीतून उर्दूत आलेल्या ‘नज्म’ या शब्दाचा मूळ अर्थ मोती ओवणं असा आहे. एकोणिसाव्या शतकात उर्दूत गझला छापणारी नियतकालिकं निघत, त्यांना ‘गुलदस्ता’ म्हणत. आमच्याकडे लग्नात नवऱ्या मुलाच्या कपाळावरून फुलांच्या माळा सोडतात, तो सेहरा. त्या प्रसंगी म्हणायच्या कवितेचं नावही सेहराच. गालिब आणि जौक या दोघांनीही शहजादा जवाँबख्तच्या लग्नासाठी सेहरे लिहिले होते. म्हणजे फुलाच्या आणि शब्दाच्या कारागिरीला लोकांनी पूर्वीपासून एकाच मापानं मोजलं आहे.

फुलं रचताना ही कारागिरी नीट कळते. जपानी लोकांनी तिची विद्याच केली, ती म्हणजे इकेबाना. त्यांच्या अनेक रचनांत तीन मुख्य रेषा असतात : आकाश, माणूस आणि पृथ्वी. फुलांइतकंच महत्त्व मधल्या मोकळ्या जागेला असतं. सोळाव्या शतकातले चहाविधीचे आचार्य रिक्यू यांची एक गोष्ट सांगतात. त्यांच्या बागेतल्या निळ्या वेलफुलांची कीर्ती ऐकून राज्यकर्ता हिदेयोशी सकाळी ती बघायला आला. बघतो तर बागेत एकही फूल नाही! तो रागानं चहाच्या खोलीत शिरला, तर तिथं एकच फूल ठेवलेलं. बाकीची सगळी खुडून टाकली होती. गझलेचा चांगला शेर असाच असतो. दोन ओळींत एक फूल ठेवायचं आणि बाकीची बाग मनातच राहू द्यायची.

घरी करून बघायला महागडी फुलदाणी लागत नाही. स्टीलचा पेला किंवा तांब्याची लोटी पुरते. देठ तिरपा कापावा, म्हणजे पाणी ओढायला जागा जास्त मिळते. पाण्यात बुडणारी पानं काढावीत, नाहीतर ती कुजतात आणि पाणी नासतं. पाणी रोज बदलावं. पिकलेल्या केळ्यांशेजारी फुलं ठेवू नयेत. पिकत्या फळांतून जो वायू सुटतो, त्यानं फुलं लवकर कोमेजतात. निशिगंध खालून वर उमलत जातो, म्हणून खालची सुकलेली फुलं काढत राहावं. आणि दहा काड्या कोंबण्याऐवजी तीनच ठेवाव्यात, कमीजास्त उंचीच्या. एक काडी खिडकीकडे झुकू द्यावी.

या शहरात फूल आणि प्रवास यांची एक गाठ फार दुःखाची आहे, तीही सांगितली पाहिजे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या, म्हणजे आजच्या प्रभादेवीच्या, पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसं गेली. रेल्वेच्या चौकशीत एक जबाब पुढे आला. पाऊस पडत होता, जिना गच्च भरला होता. कुणा फुलवाल्याचा भारा खाली पडला. तो ओरडला, ‘फूल गिर गया’. लोकांनी ऐकलं, ‘पूल गिर गया’. एका अक्षराचा फरक! पण माणसं त्या अक्षरानं मेली, असं म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. जिना रुंद असता, तर ती चूक पुढे हसण्यावारी सांगितली गेली असती. त्या दिवशी ऐन दसऱ्याच्या आदल्या दिवसाची फुलं जिन्यावर तुडवली गेली. शहरातल्या सौंदर्यावर बोलणाऱ्यानं हे विसरू नये. फूल बघायला माणसाला आधी सुखरूप उभं राहता आलं पाहिजे.

वही घेऊन येणाऱ्या मुलांना मी एवढंच सांगतो, की कमळ राहू दे. उद्यापासून महिनाभर गाडीतून किंवा स्टेशनच्या वाटेवर दिसलेलं एक फूल रोज टिपून ठेव. फूल कुठलं, रंग कोणता, कुणाच्या हातात होतं, किती वाजता दिसलं. नाव माहीत नसेल तर गजरेवालीला विचार, ती सांगेल. आणि महिन्यातून एकदा वीस-तीस रुपयांची फुलं घरी ने. कविता झाली तर उत्तमच. नाही झाली, तरी त्या दोन वर्षांतले काही दिवस जमेच्या बाजूला आले, असं समज.