आद्याक्षरांची गोत्रं : सोसायटीचे सेक्रेटरी आणि भोरचे सचिव

भोर-वेल्ह्यात पीककर्जाचं काम निघालं की शेतकरी सोसायटीच्या सेक्रेटरींना गाठतो. सेक्रेटरी म्हणजे सचिव, हे शाळेतच पाठ झालेलं असतं. आणि भोरवर तर अडीचशे वर्षं पंत सचिवांचंच राज्य होतं. म्हणून एस-ई-सी या अक्षरांनी सुरू होणारे शब्द उलगडायला ही जोडी उत्तम.

‘सेक्रेटरी’च्या पोटात ‘सीक्रेट’ आहे. लॅटिनमध्ये ‘से’ म्हणजे बाजूला आणि ‘केर्नेरे’ म्हणजे चाळणं, निवडणं. निवडून बाजूला ठेवलेली गोष्ट म्हणजे गुपित. ते ज्याच्यावर विश्वासानं सोपवलं, तो सेक्रेटरी. ‘सिक्युअर’मध्येही हाच ‘से’ बसला आहे. ‘कुरा’ म्हणजे काळजी. ती दूर झाली की माणूस निर्धास्त. ‘सेपरेट’ आणि ‘सिलेक्ट’ही याच घरचे. वियोग, विभक्त, विलग या शब्दांतला ‘वि’ आपल्याकडे हेच काम करतो.

‘सेक्शन’ला मात्र ही किल्ली लागत नाही.

त्याचं मूळ ‘सेकारे’, म्हणजे कापणं. सेक्टर हा कापून काढलेला भाग, आणि द्राक्षबागेत छाटणीला लागणारा सिकेटरही तिथलाच. इथे ‘से’ वेगळा काढणं म्हणजे विंचवातला ‘वि’ उपसर्ग मानण्यासारखं आहे.

तिसरं मूळ ‘सेक्वी’, म्हणजे मागून जाणं. पहिल्याच्या मागून येतो तो सेकंड. एखाद्याच्या मागून चालणाऱ्यांचा तो सेक्ट. मराठीनंही त्यासाठी ‘पंथ’ हा वाटेचाच शब्द निवडला.

आता सचिवांकडे वळू. शिवाजी महाराजांची राजधानी आधी वेल्ह्यातल्या राजगडावर होती, मग ती रायगडावर गेली. तिथे 1674 साली राज्याभिषेक झाला आणि अष्टप्रधानांना संस्कृत नावं मिळाली. ‘सुरनीस’ होता तो ‘सचिव’ झाला. राजपत्रांतला मजकूर तपासून शुद्ध करायचा, महालांचे हिशेब पाहायचे, हे त्याचं काम. 1697 मध्ये राजाराम महाराजांच्या काळात हे पद शंकराजी नारायणांकडे आलं. त्यांच्याच घराण्याचं भोर संस्थान 8 मार्च 1948 रोजी विलीन झालं.

या ‘सचिव’ शब्दाचा धातू ‘सच्’, म्हणजे सोबत असणं, मागून जाणं. भाषाशास्त्रज्ञ ‘सच्’ आणि ‘सेक्वी’ ही एकाच प्राचीन धातूची रूपं मानतात. म्हणजे अर्थानं सचिव सेक्रेटरीच्या शेजारी बसला, तरी त्याचं रक्ताचं नातं ‘सेकंड’शी आहे. एक गुपितं राखणारा, दुसरा सोबत चालणारा. कामाची कल्पनाच मुळात वेगळी, आणि हा फरक फार मोलाचा आहे.

लॅटिनमध्ये सोबत्याला ‘सोकियस’ म्हणतात. तोही त्याच धातूचा, आणि त्याच्यापासूनच ‘सोसायटी’ आली. तेव्हा गावातल्या ‘सोसायटीचे सेक्रेटरी’ या शब्दजोडीत सचिवाचा खरा भाऊबंद पहिला शब्द आहे.

पुढच्या आठवड्यात ‘सब’ : सब-रजिस्ट्रारपासून सबमरीनपर्यंत.