पेपर अडीचला, आणि ओहोटीही तेव्हाच

सातपाटीच्या खाडीत गाळ साचतो. ओहोटीला भरलेली बोट आत आणता येत नाही. ती बाहेरच थांबते. भरती चढली की तीच बोट त्याच गाळावरून अलगद धक्क्याला लागते. गाळ काही कमी झालेला नसतो. पाणी वाढलेलं असतं.

परीक्षेच्या दिवशी तुमच्या डोक्यात हुबेहूब हेच चालतं, असं म्हटलं तर?

आधी वेळापत्रक बघा. यूपीएससीची पूर्वपरीक्षा: सकाळी साडेनऊ ते साडेअकरा एक पेपर, दुपारी अडीच ते साडेचार दुसरा. जेईई ॲडव्हान्स्ड: ९ ते १२, मग पुन्हा अडीच ते साडेपाच. एका दिवसात सहा तास! २०२५ ची नीट ४ मे रोजी झाली, भर उन्हाळ्यात दुपारी २ ते ५, १८० मिनिटांत १८० प्रश्न. आणि बोईसरच्या मुलीचं केंद्र विरारच्या पलीकडे पडलं, तर तिची परीक्षा डहाणू लोकलच्या गर्दीतच सुरू झालेली असते.

संध्याकाळी घरी आल्यावर मुलं एकच वाक्य बोलतात: "येत होतं सगळं, पण शेवटी शेवटी डोकंच चालेना." घरचे म्हणतात, जिद्द कमी पडली. या उत्तराचा मला मनापासून राग येतो. एक तर ते खोटं आहे, आणि दुसरं म्हणजे खरं उत्तर कितीतरी जास्त नवलाचं आहे.

गाळापासून सुरुवात करू. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराच्या ऊर्जेचा पाचवा हिस्सा तो एकटा खातो. तरी किती? साधारण २० वॅट. अभ्यासिकेतल्या एका एलईडी ट्यूबवर यूपीएससीचा अख्खा पेपर सोडवून होतो! त्याहून मोठं नवल पुढंच आहे. अवघड गणित सोडवताना आणि खिडकीबाहेर नुसतं बघत बसताना, या खर्चात फरक पडतो तो फार तर काही टक्क्यांचा. म्हणजे 'डोक्यातलं पेट्रोल संपलं' ही आपली समजूतच चुकीची. पेट्रोल संपत नाही. गाळ साचतो.

कसला गाळ? पेशी आपलं काम एटीपी नावाच्या रेणूवर चालवतात. तो रेणू मोडत मोडत गेला की मागं उरतं ॲडेनोसिन. तुम्ही सकाळी डोळे उघडल्यापासून ते मेंदूत तासातासानं वाढत जातं, चेतापेशींवरच्या ठरावीक खाचांमध्ये जाऊन बसतं आणि पेशींना म्हणतं: जरा दमानं. रात्री झोपलात की ते उपसलं जातं. झोप म्हणजे खाडीतला ड्रेजर.

पण मग एक कोडं पडतं. गाळ दिवसभर वाढतच जाणार असेल, तर दुपारी अडीचपेक्षा संध्याकाळी सातला जास्त झोप यायला हवी. तसं होतं का? संध्याकाळी सातला तर मन चांगलं तरतरीत असतं. दुपारी वर्गात पेंगणारा मुलगा सातला गल्लीत क्रिकेट खेळत असतो. साडेचार तासांचा गाळ अजून चढला, तरी बोट तरंगली कशी?

पाणी वाढलं म्हणून. झुरिकचे अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये हे मांडलं: आपली जाग दोन गोष्टींवर ठरते, साचत जाणारा झोपेचा दाब आणि शरीराच्या घड्याळाची भरती-ओहोटी. संध्याकाळी ही भरती उंच असते, म्हणून गाळ जाणवत नाही. पहाटे ३ ते ५ तळ गाठणारी ओहोटी. आणि दुपारी, साधारण १ ते ४ च्या दरम्यान, एक छोटी ओहोटी. जेवण केलं नाही तरी ती येते! जड जेवण तिला फक्त आणखी खोल करतं. आपल्या भाषेत त्या वेळच्या आडवं होण्यासाठी शब्दसुद्धा आहे: वामकुक्षी. पूर्वजांनी नाव दिलं, आणि परीक्षा घेणाऱ्यांनी नेमकी त्याच वेळी घंटा वाजवली.

ही भरती चालवतं कोण? वाडा कोलम तांदळाचा एक दाणा डोळ्यांसमोर आणा. साधारण तेवढ्याच जागेत, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथं एकमेकींना ओलांडतात त्याच्या किंचित वर, सुमारे २०,००० पेशींचा एक पुंजका आहे. नाव लांबलचक: सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस. अंधाऱ्या खोलीत कोंडलं तरी तो जवळपास २४ तासांचा ताल धरून राहतो. आणि रोज थोडं जुळवून घेतो ते सूर्याशी. त्यासाठी डोळ्यांत वेगळ्या पेशी आहेत, ज्या चित्र बघतच नाहीत, फक्त उजेड मोजतात. इतक्या वेगळ्या, की काही पूर्ण अंध माणसांचंही घड्याळ त्या उजेडावर लावतात. दिसत नाही, पण दिवस कळतो!

आता इथं पालघरची खास गंमत आहे. भारताची प्रमाणवेळ ठरते ८२.५ अंश रेखांशावर, मिर्झापूरजवळ. पालघर आहे साधारण ७२.८ अंशांवर. एका अंशाला सूर्य ४ मिनिटं घेतो. करा हिशोब: सुमारे ३९ मिनिटं. भिंतीवरचं घड्याळ बारा वाजवतं तेव्हा पालघरच्या सूर्याचे सरासरी ११ वाजून २१ मिनिटं झालेली असतात. मुंबईला हा फरक इतका खुपायचा, की १९०६ मध्ये प्रमाणवेळ आल्यावरही मुंबईची वेगळी वेळ १९५५ पर्यंत टिकून होती, ३९ मिनिटं मागंच.

शरीर कोणतं घड्याळ पाळतं, भिंतीवरचं की आकाशातलं? जर्मनीत हजारो लोकांच्या झोपेच्या वेळा तपासल्या, तेव्हा दिसलं की पूर्वेकडून पश्चिमेकडे जावं तशी माणसं उशिरा झोपतात आणि उशिरा उठतात, रेखांशाच्या एका अंशामागे ४ मिनिटं. सगळ्या देशात घड्याळ एकच, तरी शरीर सूर्याच्याच मागे! म्हणजे कोलकात्यात साडेनऊला पेपर उघडणारा मुलगा आणि पालघरात साडेनऊला पेपर उघडणारी मुलगी एका वेळी पेपर उघडतच नाहीत. तिच्या सूर्याचे अजून ९ वाजायलाही ९ मिनिटं बाकी आहेत. त्यात वयाची भर: किशोरवयात रात्रीचं मेलाटोनिन उशिरा स्रवतं, म्हणून ही मुलं उशिरा झोपतात, उशिरा उठतात. त्याला आळस म्हणणं अन्यायाचं आहे.

यावर उपाय कोणता? उजेड. परीक्षेआधीचे आठ-दहा दिवस सकाळी उठल्या उठल्या अर्धा तास बाहेर, चिंचणीच्या किनाऱ्यावर नाहीतर कॉलनीच्या रस्त्यावर, आणि रात्री दिवे मंद. घड्याळ रोज थोडं थोडं पुढं सरकतं. एका रात्रीत नाही सरकत. आदल्या दिवशी नऊला अंथरुणावर पडून नुसतं छत बघणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत आहे.

बोईसरमध्ये हे विज्ञान नव्यानं शिकवायची गरज नाही, ते घरोघरी जगलं जातं. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र तारापूरला १९६९ मध्ये सुरू झालं. शेजारी एमआयडीसीचे कारखाने. फर्स्ट, सेकंड, नाईट, या तीन शब्दांवर इथल्या कितीतरी घरांचा स्वयंपाक चालतो. नाईट करून आलेल्या माणसाला विचारा सगळ्यात अवघड वेळ कोणती. रात्री बारा असं तो म्हणणार नाही, पहाटे तीन-चार म्हणेल. थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राचा अपघात १९७९ मध्ये पहाटे ४ च्या सुमाराला सुरू झाला, चेर्नोबिलचा १९८६ मध्ये रात्री १ वाजून २३ मिनिटांनी, भोपाळची वायुगळतीही १९८४ मध्ये मध्यरात्रीच्या आसपासच. या तिन्हींची कारणं अनेक आणि वेगवेगळी आहेत. पण थकव्याचा अभ्यास करणारे लोक त्या घड्याळांकडे बोट दाखवल्याशिवाय राहत नाहीत.

आणि नुसतं बघत राहण्याचं काम तर सगळ्यात कठीण. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाचे लोक रडारवर पाणबुड्या शोधायचे आणि समोर दिसलेला ठिपका हुकवायचे. नॉर्मन मॅकवर्थ यांनी एक साधं यंत्र केलं: सेकंदाला एक ठोका पुढं जाणारा काटा, जो क्वचित कधीतरी दोन ठोके एकदम उडी मारतो. उडी दिसली की बटण दाबायचं. दोन तास. अर्ध्या तासातच पकड सैल झाली! पण अर्धा तास काम आणि अर्धा तास विश्रांती असं ठेवलं तर ती सैल होत नव्हती. मधेच फोनवरून कुणी दोन शब्द बोललं, तरी ती परत येत होती. परीक्षेच्या खोलीत फोन येणार नाही, पण विषय बदलता येतो. अर्धा तास भौतिकशास्त्र झालं की जीवशास्त्र. पेन खाली ठेवून २० सेकंद खिडकीबाहेर. हे मेंदूचं पहारा बदलणं आहे, त्यात वेळ वाया जात नाही.

आता माझं सगळ्यात आवडतं आश्चर्य. शेवटच्या तासाला ४७ व्या प्रश्नाचा गोळा ४८ समोर काळा होतो तो का? २०११ मध्ये विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी उंदरांना नवनवीन वस्तू खेळायला देऊन जागं ठेवलं. उंदीर टक्क जागे, डोळे उघडे, हिंडत होते. पण मेंदूतल्या काही चेतापेशी मधूनच गप्प होत होत्या, अगदी गाढ झोपेत होतात तशा! बाकीचा मेंदू जागा आणि मधले काही तुकडे झोपलेले. उंदीर साखरेच्या गोळीकडे हात करायचा, नेमकं त्या क्षणाआधी हाताच्या भागातल्या पेशी गप्प झाल्या असतील तर नेम चुकायचा. 'सिली मिस्टेक' म्हणून आपण जिच्यावर पालकांचा ओरडा खातो, तिचं हे रूप असू शकतं: माणूस जागा, मेंदूचा एक कोपरा निजलेला.

म्हणूनच आदल्या रात्रीचं जागरण इतकं महाग. १७ तास सलग जागं राहिलं की माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखी होते, असं १९९७ मध्ये मोजलं गेलं. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा आहे ०.०३ टक्के. पहाटे साडेचारला उठून डहाणू लोकल धरलेल्या मुलीचे १७ तास रात्री साडेनऊला भरतात, म्हणजे पेपरापुरतं चाललं. पण रात्रभर वाचत बसून पेपरला गेलेल्याच्या हाती आपण गाडीची किल्ली दिली असती का?

मग दोन पेपरांमधल्या अडीच-तीन तासांचं काय करायचं? आधी चहाचं नवल सांगतो. कॅफिनचा रेणू ॲडेनोसिनशी इतका मिळताजुळता आहे, की तो त्याच खाचांमध्ये जाऊन बसतो, पण 'दमानं' हा निरोप मात्र देत नाही. जागा अडवून नुसता बसून राहतो. गाळ तिथंच असतो, कळत नाही एवढंच. असर चढायला साधारण अर्धा तास लागतो. मग हा अर्धा तास वापरा ना! चहा-कॉफी प्यायची आणि लगेच १५-२० मिनिटं डोळे मिटायचे. झोपेनं थोडा गाळ उपसला, खाचा मोकळ्या झाल्या, आणि तेवढ्यात कॅफिन येऊन पोचलं. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठात पेंगणाऱ्या वाहनचालकांवर हा प्रयोग करून बघितला आहे आणि तो चालला. कटिंगमध्ये कॅफिन कॉफीपेक्षा कमी असतं, पण डुलकीचं काम तरी नक्की होतं. नासानं लांब पल्ल्याच्या विमानांतल्या वैमानिकांना ४० मिनिटं आळीपाळीनं विश्रांती दिली. ते सरासरी २६ मिनिटं झोपले आणि त्यांची कामगिरी ३४ टक्क्यांनी सुधारली. मात्र तासभर झोपू नका. गाढ झोपेतून उठवलेला मेंदू बराच वेळ गुंगीत राहतो.

डब्यात भात असला तरी थोडाच. पाणी मात्र पोटभर, कारण मे महिन्यातल्या पालघरच्या दमट घामात ६० किलोच्या शरीरातून सव्वा लिटर पाणी जायला वेळ लागत नाही, आणि तेवढ्यानं लक्ष ढळतं. आणि पहिल्या पेपरची उत्तरं मैत्रिणींशी ताडून बघू नका, ही माझी कळकळीची विनंती. पॅरिसच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवलं की सहा तासांहून जास्त वेळ कठीण विचार केला, की कपाळामागच्या, निर्णय घेणाऱ्या भागात ग्लुटामेट साचतं आणि माणूस सोपा, पटकन मिळणारा पर्याय उचलायला लागतो. पर्याय 'ब' दिसला बरा, टिक केलं, पुढं! त्या भागाला मधल्या सुट्टीत तरी मोकळं सोडा.

परीक्षेच्या आदल्या रात्री तीन वाजता बोईसरच्या एखाद्या घरात काय चालू असतं? वडील नाईटला गेलेले, समोर आकडे आणि दिवे, ओहोटी तळाला, आणि ते जागे राहायला उठून चार पावलं चालतात. घरी मुलगी झोपलेली आहे. १९९४ मध्ये उंदरांच्या मेंदूत तारा बसवून बघणाऱ्यांना दिसलं होतं की ज्या वाटेनं उंदीर धावला, त्या वाटेच्या पेशी नंतरच्या झोपेत पुन्हा पेटतात. माणसाच्या झोपेतही अशा उजळणीच्या खुणा सापडल्या आहेत. वही मिटलेली, दिवा बंद, फॅनचा आवाज. आणि हिप्पोकॅम्पस नावाच्या त्या इवल्या भागात तिनं संध्याकाळी वाचलेलं कुणीतरी पुन्हा एकदा, तिच्याही नकळत, वाचून काढत असतं.